गंजलेली बिडाची कढई, पत्र्याचा तवा आणि चिकट पॅन: आधी काय, किती आणि किती वेळ?

ओसरी:

तीन भांडी आहेत, तिन्ही बरीच वर्षं वापराविना पडून असलेली.

१. बिडाची खोल कढई, दोन कानांची. आतून लाल गंज, बोट फिरवलं की पूड हाताला लागते. बाहेरून जाड काळं कीट, मधूनमधून नाण्याएवढे पापुद्रे सुटलेले.

२. पत्र्याचा तवा, मूठ रिव्हेट मारून बसवलेली. दोन्ही बाजूंनी सारखा गंजलेला, मधोमध बारीक खड्डे.

३. लोखंडी पॅन, लाकडी मुठीचा. गंज फारसा नाही, पण आत पिवळट-तपकिरी चिकट थर आहे, नखाने खरवडला की नखात भरतो.

तवा तारेच्या घासणीने घासून धुतला की लोखंड उघडं पडतं, पण पुसून होईपर्यंत नारिंगी झाक परत येते. कुणी व्हिनेगर सांगतं, कुणी कॉस्टिक सोडा. आधी कुठलं आणि किती प्रमाणात? ड्रिलला वायर ब्रश लावून घासलं तर चालतं का? खड्डे पडलेला तवा ठेवावा की टाकावा? आणि शेवटी तेल नेमकं कसं चढवायचं? ओव्हन आहे, पण तवा मुठीमुळे त्यात मावत नाही.

---

बद्द_आवाज:

घासायला घेण्याआधी भांडं मेहनत घेण्यालायक आहे का ते बघा. बीड ठिसूळ असतं आणि कीट-गंजाखाली तडा सहज लपतो. कढई एका कानाला दोरी बांधून अधांतरी धरा आणि लाकडी चमच्याने कडेवर हलकं ठोका. खणखणीत, लांबत जाणारा आवाज आला तर बहुधा शाबूत आहे. बद्द वाजली तर तडा शोधा. जाड कीटही आवाज दाबतं, म्हणून कीट निघाल्यावर पुन्हा एकदा ठोकून बघायचं.

तड्याचा संशय असेल तर त्या जागेवर रॉकेल लावून अर्धा तास थांबा, पूर्ण कोरडं पुसा आणि वरून खडूची पूड भुरभुरा. तड्यात मुरलेलं रॉकेल पूड ओलवतं, काळपट रेघ उमटते. हे जाळापासून दूर, उघड्यावर करा आणि नंतर साबणाने धुवा. कडेला किंवा तळाला आरपार तडा गेलेलं बीड गरम-थंड होताना वाढतच जातं. ते शोभेला ठेवा, चुलीवर चढवू नका.

दुसरी गोष्ट मुलामा. तिन्ही भांडी लोखंडी असल्याचं तुम्ही म्हणताय, तरी गंज नसलेल्या जागा नीट बघा. काचेसारखा चकचकीत थर असेल तर ते एनॅमल, रुपेरी पातळ थर असेल तर कथील, निकेल किंवा क्रोम. निघू लागलेलं निकेल-क्रोम ॲसिडमध्ये आणखी सोलून निघतं, आणि एनॅमलचे टवके उडायला लागले असतील तर त्या भांड्यात स्वयंपाक नकोच. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादल्या-घमेली या कामात धरूच नका, तो पत्रा स्वयंपाकासाठी नसतो.

तिसरी गोष्ट लोक विसरतात. जुन्या बिडाच्या खोल भांड्यांत कधीकधी शिसं वितळवलेलं असतं. शिसं ३२७ अंशांना वितळतं, त्यामुळे साध्या शेगडीवरही ते होतं. भांडं कुठून आलं ते ठाऊक नसेल आणि तळाशी मऊ, करडे, ओरखडल्यावर चकाकणारे डाग दिसले, तर शिशाची चाचणीपट्टी लावून बघा. शिसं निघालं तर ते भांडं स्वयंपाकघरातून बाद. बिडाच्या खाचाखोचांतून शिसं पूर्ण गेलं अशी खात्री घरी देता येत नाही.

---

रसायनवाला:

व्हिनेगर आणि कॉस्टिक यांत निवड नसते, दोघांची कामं वेगळी. कॉस्टिक तेलकट कीट खातं, गंजाला हात लावत नाही. व्हिनेगर गंज खातं, कीटाला हात लावत नाही. म्हणून क्रम ठरलेला: आधी कीट, मग गंज. उलट केलं तर ॲसिड कीटाच्या थरावरून नुसतं वाहून जातं, आणि जिथे लोखंड उघडं आहे तिथे मात्र गंज संपल्यावर लोखंडच खात बसतं.

कढईसाठी: झाकणाचा जाड प्लास्टिकचा टब, पाणी एवढं की कढई पूर्ण बुडेल. लिटरला २० ते २५ ग्रॅम कॉस्टिक सोडा, म्हणजे २० लिटरला साधारण अर्धा किलो. सोडा पाण्यात थोडा थोडा टाकायचा. सोड्यावर पाणी कधीही ओतायचं नाही, ते उकळून अंगावर उडतं. पाणी थंडच घ्या, सोडा विरघळताना ते आपोआप तापतं. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आणि बाजूंनी बंद असलेला चष्मा, यात सवलत नाही. अंगावर थेंब उडाला तर वाहत्या पाण्याखाली निदान १५ मिनिटं धरायचं, वर व्हिनेगर ओतायचं नाही. ॲल्युमिनियमची कुठलीही वस्तू त्या टबाजवळ आणू नका. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं, हायड्रोजन वायू सोडतं आणि जोरात तापतं. टब लहान मुलं आणि जनावरं पोचणार नाहीत अशा जागी, झाकण लावून.

दोन दिवसांनी कढई काढून तारेच्या घासणीने घासा, उरलं असेल तर परत बुडवा. जाड कीटाला आठवडाही लागतो. घाई नाही, कारण कॉस्टिक लोखंडाला इजा करत नाही. तेच पाणी काळं झालं तरी पुढच्या भांड्यांना चालतं.

कॉस्टिक हाताळायची तयारी नसेल तर धुण्याचा सोडा घ्या. मोठ्या स्टीलच्या पातेल्यात लिटरला दोन मोठे चमचे टाकून कढई अर्धा-पाऊण तास उकळा. कमी जोरकस आहे, दोन-तीनदा करावं लागेल, पण कातडी सुरक्षित. तुमच्या तिसऱ्या पॅनला हेच योग्य. त्याची मूठ स्क्रूची असेल तर आधी काढून ठेवा. काढता येत नसेल तर पॅन बुडवूच नका, सोड्याचं पाणी पॅनमध्येच भरून १५-२० मिनिटं उकळा आणि गरम असतानाच लाकडी उलथन्याने थर खरवडा. कॉस्टिकमध्ये लाकूड काळं पडून फुगतं.

आता गंज. पांढरं ५ टक्के व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात. दर अर्ध्या तासाने बाहेर काढायचं, घासायचं, बघायचं. हलका गंज तासाभरात सुटतो. बहुतेक भांड्यांना तीन-चार तास पुष्कळ होतात. रात्रभर ठेवून झोपायला जाऊ नका. ॲसिडला गंज आणि लोखंड यांत भेद कळत नाही. गंज संपला की बारीक बुडबुडे सुटत राहतात, ते लोखंड विरघळत असल्याचे, आणि पृष्ठभाग मळकट राखाडी, खरखरीत होतो. सायट्रिक ॲसिड घेतलंत तर लिटरला ५० ग्रॅम, कोमट पाण्यात. ते जास्त वेगाने चालतं, म्हणून पहारा जास्त कडक ठेवा.

भांडं बुडेल एवढं द्रावण नसेल तर जुनं फडकं भिजवून गंजावर अंथरा आणि वरून प्लास्टिक गुंडाळा, म्हणजे वाळणार नाही. अर्धवट बुडवून मात्र ठेवू नका, पाण्याच्या रेषेवर कायमची खाच पडते.

संडास साफ करायचं ॲसिड वापरा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ते हायड्रोक्लोरिक. गंज मिनिटांत जातो, पण बिडाच्या बारीक छिद्रांत क्लोराइड अडकून राहतं आणि तिथून पुन्हा पुन्हा गंज फुटतो. त्याच्या वाफेने आसपासच्या लोखंडी वस्तूही गंजतात. गंजाचा रंग पालटून काळा करणारी तयार द्रावणं दारं-खिडक्यांसाठी, भांड्यांसाठी नाहीत.

---

खटपट्या:

वरच्या सगळ्याला अनुमोदन. वायर ब्रशबद्दल:

ड्रिलला कपासारखा वायर ब्रश लावून चालतं, फक्त सुट्ट्या गंजासाठी आणि कमी वेगावर. एका जागी दाबून धरला तर लोखंड चकचकीत होतं, आणि चकचकीत जागी तेलाचा थर पुढे धरत नाही, सोलून येतो. ग्राइंडरची दगडी चकती लावूच नका, ती चरे पाडते आणि पत्रा एका जागी तापवून वाकवते. ब्रशच्या तारा तुटून सुईसारख्या उडतात, म्हणून चष्मा हवाच. गंजाची आणि जुन्या कीटाची धूळ छातीत जाऊ नये म्हणून मास्कही.

पत्र्याच्या तव्याला हाताने घासणं पुरतं. आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०. तव्यासाठी २२०च्या पुढे जाण्यात अर्थ नाही. पाण्याखाली घासायचा वॉटर पेपर घेतलात तर धूळ उडत नाही, पण लगेच वाळवावं लागतं.

कढईला खोल गंज असेल तर माझं मत विजेच्या पद्धतीला. लोखंड झिजत नाही, आणि उशीर झाला म्हणून भांडं बिघडत नाही. प्लास्टिकचा टब, पाणी, लिटरला ४-५ ग्रॅम धुण्याचा सोडा. १२ व्होल्टचा साधा बॅटरी चार्जर. ऋण टोक कढईला, तेही गंज खरवडून उघड्या केलेल्या जागेवर. धन टोक टाकाऊ लोखंडी पत्र्याला. दोन्ही एकमेकांना टेकता कामा नयेत. दोन ते सहा अँपियर पुरे. कढईवरून बुडबुडे निघू लागले की चालू आहे. गंज पत्र्यासमोरच्या बाजूला लवकर सुटतो, म्हणून मधेच कढई फिरवा, किंवा पत्रा वाकवून तिच्याभोवती गोल उभा करा. सहा तासांपासून एक दिवसापर्यंत वेळ लागतो.

जिथे चुका होतात ते:

टोकं उलटी लावली तर कढईच विरघळायला लागते. दोनदा तपासा.

धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही नाही. त्यातल्या क्रोमियमपासून विषारी संयुगं पाण्यात उतरतात. जस्त चढवलेला पत्राही नको.

सोड्याऐवजी मीठ नको. क्लोरीन वायू निघतो.

निघणारा वायू हायड्रोजन आहे. बंद खोलीत, ठिणगी किंवा शेगडीजवळ नको. पाण्यात हात घालण्याआधी चार्जर भिंतीवरून बंद.

नवे 'स्मार्ट' चार्जर खरी बॅटरी लागलेली नसेल तर सुरूच होत नाहीत. चार्जर चालत नाही असं वाटण्याचं नेहमीचं कारण तेच.

---

ओसरी:

खूप उपयोगी पडलं सगळं. कढईचं कीट कॉस्टिकने निघालं, आवाज खणखणीत आहे. व्हिनेगरनंतर बीड राखाडी दिसतंय, पण कितीही पुसलं तरी फडक्याला काळं लागतंच. हे कीट राहिलंय का? आणि नारिंगी झाक अजून येते.

---

रसायनवाला:

काळं म्हणजे बहुतेक ग्राफाइट. बिडात साधारण २ ते ४ टक्के कार्बन असतो आणि त्याचा मोठा भाग ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात. ॲसिडने वरचं लोखंड थोडं खाल्लं की ते मोकळे होतात. घातक नाही. गरम पाणी, भांडी घासायचा साबण आणि नायलॉनचा ब्रश, दोन-तीनदा. फडकं पूर्ण पांढरं राहण्याची वाट बघत बसू नका, फिकट राखाडी झालं की पुढे जा. बाकीचं तेलाच्या थराखाली बसतं. पत्र्याच्या तव्यात कार्बन फारच कमी असतो, तिथे असं काळं सहसा येत नाही.

नारिंगी झाकेला खोलवरचा गंज समजू नका. उघड्या ओल्या लोखंडावर ती मिनिटांत येते, आणि ॲसिडचा अंश राहिला असेल तर आणखी लवकर. शेवटचं धुणं खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने करा, लिटरला एक मोठा चमचा. ॲसिड मरतं आणि सोड्याच्या पाण्यात लोखंड इतक्या पटकन गंजत नाही. मग सोडाही धुवायचा, तोही शक्य तितक्या गरम पाण्याने, म्हणजे भांडं स्वतःच्या उष्णतेने वाळेल. लगेच पुसून मंद आचेवर. कान आणि रिव्हेटच्या खाचांतलं पाणी डोळ्यांना दिसत नाही, ते वाफ होऊन गेलं पाहिजे. तरीही हलकी झाक आलीच तर तेलाच्या फडक्याने रगडा, निघून येते.

पण लालसर रंग ना ॲसिडने जातो ना घासून, आणि हाताला पूड लागत नाही, असं असेल तर तो गंज नाही. भांडं कधीतरी निखाऱ्यात लाल होईपर्यंत तापवलेलं आहे. त्या जागेवर तेलाचा थर टिकत नाही. 'जाळात टाका, सगळं कीट जळून जाईल' हा सल्ला याच कारणासाठी वाईट. शिवाय बीड तडकतं आणि पत्रा वाकतो.

---

मंद_आच:

आता तेल. इथेच सर्वांत जास्त भांडी बिघडतात, आणि कारण बहुतेक वेळा एकच: तेल जास्त.

तेलाचा थर म्हणजे मुरलेलं तेल नव्हे. तापलेल्या लोखंडावर तेलाचे रेणू हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने एकमेकांना जोडले जातात आणि कडक पापुद्रा बनतो. जाड थरात वरचा भाग कडक होतो आणि खालचा ओला राहतो. तुमच्या पॅनमधला पिवळट चिकटा तोच.

कढई ओव्हनमध्ये, भांडं कोमट, हाताला सोसवेल इतकं. अर्धा चमचा तेल आत-बाहेर, कानांखाली, तळाला, सगळीकडे चोळा. मग कोरडं सुती फडकं घ्या आणि तेल चुकून लागलं होतं अशा भावनेने पुसून काढा. भांडं कोरडं दिसलं पाहिजे, ओलसर चमक नको. कागदी रुमालाचे तंतू चिकटतात, सुतीच बरं. ओव्हन २०० ते २३० अंशांवर, कढई उपडी, एक तास. ओव्हन बंद करून आतच निवू द्या. पहिल्या १० मिनिटांनी एकदा बाहेर काढून पुन्हा पुसलं तर कडेला जमणारे थेंब टळतात. असं तीन-चारदा. पहिल्या फेरीनंतर तपकिरी, ठिपकेदार दिसेल. ते ठीक आहे, काळा रंग वापराने येतो. थोडा धूर होणार, खिडकी उघडी ठेवा.

तवा मावत नाही म्हणता तर शेगडीवर करा. पत्रा पातळ असतो, म्हणून मोठ्या आचेवर एकदम ठेवू नका, मध्ये फुगून वाकतो आणि मग सपाट शेगडीवर डुगडुगतो. मंद आचेवर पाच मिनिटं, मग मध्यम. तेल लावून-पुसून झालं की धूर सुरू होऊन थांबेपर्यंत तापवा. आच मध्यभागी लागते, म्हणून तवा सरकवत कडाही तापवायच्या. मग बंद, निवू द्या, पुन्हा. शेगडीवर थर ओव्हनइतका एकसारखा येत नाही, आणि मुठीजवळचा भाग कायम फिका राहतो. त्याने काही बिघडत नाही.

तेल कुठलं? ज्यात असंतृप्त भाग जास्त, ते जास्त लवकर कडक होतं. याचं माप आयोडीन अंक: खोबरेल साधारण १०, सोयाबीन आणि सूर्यफूल १३०च्या आसपास, जवस १८०च्या आसपास. म्हणून खोबरेल कितीही तापवलं तरी चांगला थर देत नाही. सोयाबीन किंवा सूर्यफुलाचं रिफाइंड तेल घ्या आणि विषय संपवा.

---

खटपट्या:

जवस का नको? आयोडीन अंक सर्वांत जास्त, थर काचेसारखा कडक येतो.

---

मंद_आच:

कडक येतो आणि त्यामुळेच ठिसूळ. तापलं की लोखंड प्रसरण पावतं, थर तेवढा ताणला जात नाही आणि काही दिवसांनी खवले सुटतात. दिवाणखान्यात टांगायचं असेल तर जवस उत्तम. रोज तापणाऱ्या भांड्याला थोडा लवचीक थर बरा. आणि जवसच वापरायचं असेल तर खाण्याचं घ्या. रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या 'बॉइल्ड' जवसतेलात ते लवकर वाळावं म्हणून धातूंची संयुगं घातलेली असतात. ते भांड्याला नको.

पॅनबद्दल: चिकट थर पातळ असेल तर काढायच्या आधी तो पूर्ण भाजून बघा. मूठ निघत असेल तर उपडा करून २३० अंशांवर एक तास. नख लागलं नाही तर तेवढ्यावर काम झालं. तरीही चिकट राहिला तर रसायनवाल्यांनी सांगितलेला सोडा.

---

बद्द_आवाज:

तव्यावरच्या खड्ड्यांचं राहिलं. खड्डे म्हणून तवा टाकायचं कारण नाही. प्रश्न आहे उरलेल्या जाडीचा. अंधारात तव्यामागे टॉर्च धरा. टाचणीच्या टोकाएवढा जरी उजेड दिसला तर तवा बाद. मग खड्ड्याच्या उलट बाजूला अंगठ्याने जोरात दाबा, पत्रा दबला किंवा 'टक' वाजला तर फार पातळ झाला आहे, तापल्यावर वाकेल. दोन्ही चाचण्या पार पडल्या तर वापरा. खड्डे घासून सपाट करायला जाऊ नका, त्यांच्यासाठी सगळा तवा पातळ कराल. त्यातला लाल गंज मात्र काढा: पितळी ताराचा बारीक ब्रश, व्हिनेगर, टोकदार लाकडी काडी. तळाशी काळं राहिलं तर राहू द्या, लाल राहू देऊ नका. एपॉक्सी किंवा लांबीने (पुट्टीने) भरणं हा उपाय नाही, शेगडीच्या उष्णतेला ते टिकत नाही आणि अन्नात जातं.

रिव्हेटखाली गंज असतोच. मूठ हलत नसेल तर तिथे व्हिनेगर घालू नका, ते आत अडकून खात राहतं. उकळतं पाणी ओता, ब्रश मारा, शेगडीवर कोरडं करा, मग तेलाचा एक थेंब सांध्यात मुरू द्या आणि वरचं पुसून टाका. मूठ हलत असेल तर जुनं रिव्हेट छिद्र पाडून काढून नवं लोखंडीच मारायचं. ॲल्युमिनियमचं रिव्हेट लोखंडाशेजारी ओलाव्यात लवकर खराब होतं, आणि पुढे कधी कॉस्टिकमध्ये बुडवलात तर विरघळून जातं.

---

ओसरी:

टॉर्चला तवा पास झाला. शेवटचं एकच: नंतर साबण चालतो का, आणि महिनाभर वापरायचं नसेल तर कसं ठेवायचं?

---

मंद_आच:

आजच्या भांडी घासायच्या साबणात कॉस्टिक नसतं, त्यामुळे थोडा साबण खुशाल चालतो. कडक झालेला थर त्याने जात नाही. भिजत ठेवणं आणि डिशवॉशर हे दोन खरे शत्रू. आंबट पदार्थ सुरुवातीचे काही आठवडे नको, नंतरही शिजवून झाल्यावर भांड्यात ठेवून देऊ नका.

महिनाभरासाठी: शेगडीवर पूर्ण कोरडं करा, तेलाचा हात फिरवून तसंच पुसून काढा, आत कागद किंवा सुती कापड ठेवा आणि झाकण बंद करू नका. त्याहून जास्त काळ ठेवायचं असेल तर खाद्य तेल खवट होऊन चिकट बनतं, तिथे खाण्यायोग्य दर्जाचं खनिज तेल लावा आणि पुन्हा वापरण्याआधी गरम पाणी-साबणाने धुऊन टाका. भांडी एकात एक ठेवत असाल तर मध्ये कागद हवाच, दोन लोखंडी तळांच्या फटीत ओल धरते आणि गोल कड्यासारखा गंज उमटतो.